लांबुळक्या चेंडूची हवा

तलवाडा,
शुक्रवार, २३ जानेवारी

प्रिय म्हाळू,

रामराम. तुझी आई खुशाल, मेंढरं खुशाल. मी मात्र नाही.

परळीच्या वीजकेंद्रावर रखवालदारीला जाताना तू तुझा रग्बीचा चेंडू माझ्या कपाटावर ठेवून गेलास, त्याविरुद्ध ही रीतसर तक्रार. गोल वस्तूनं घरंगळावं, चौकोनीनं गप बसावं. या लांबुळक्याला दोन्ही पक्षांत पाय ठेवायचा असतो, आणि नेमका माझ्या दुपारच्या झोपेत तो पक्ष बदलतो. शेवटी मी त्याची हवाच काढली.

फोनवर तू 'हां, हां' करून ठेवतोस, म्हणून हा कागद.

लष्करात गेलास, देशाकडून रग्बी खेळलास, पार कोलंबोला गेलतास. गावानं सत्काराच्या बॅनरवर 'कबड्डीपटू' छापलं. सरपंच सुंदररावांनी भाषणात तुझ्या चढाईची तारीफ केली आणि तू खेळात दुखावलेल्या मानेला पट्टा, वर शाल, असा गप्प उभा. का रे? तुझी आई रतनबाई तेवढी माझ्या कानाशी पुटपुटली, "पळतं मेंढरू धरायला म्या शिकवलं, अन् नाव झालं पलटणीचं!"

तेव्हापासून या खेळाचं कुतूहल काही सुटत नाही. पळायचं पुढं आणि चेंडू द्यायचा मागं, हा कुठला न्याय? आपल्याकडं चेंडू धरून बसतात आणि मागच्याला लाथ देतात.

हे मला कुणी शिकवलं, विचारशील. तुझ्या लेकीनं, रोहिणीनं. ती माझ्याकडं पेपर वाचायला येते, असं तुला सांगत होतो. वाचतेही, पण आधी तासभर अंगणात चेंडू. परवा म्हणाली, "काका, हवा भरा की. मेल्या कोकरावानी लागतंय हाताला."

रविवारी पुण्यात तिची निवड चाचणी आहे. तू 'न्हाई' म्हणालास. तुझी मान अजून उजवीकडं वळत नाही, हे मलाही दिसतं आणि तिलाही. तिचं म्हणणं एवढंच, "बाबानं मला खेळताना एकदा बघावं. मग न्हाई म्हणावं."

मागं का द्यायचा, तेही तिलाच विचारलं. "काका, पुढं उभा हाय त्याला देता येत न्हाई. मागून पळत येतो त्यालाच."

यावर मला टोमणा सुचला नाही. पेपरात टोमणे लिहिणं हाच माझा धंदा, त्याला हे शोभत नाही, पण खरं आहे.

पुण्याची गाडी परळीहूनही सुटते, म्हणून हा कागद तिच्याच हाती धाडलाय. तू हे राखेच्या ट्रकांच्या फाटकावर उभ्यानं वाचत असशील, तर समोर पाठपिशवी घेऊन उभी आहे ती तीच. तिला घरी पाठव, नाहीतर गाडीत तिच्या शेजारी बस. तिसरं काही सांगू नकोस.

चेंडू तिच्याजवळ दिलाय. मी काढलेली हवा आज सायकलच्या दुकानात भरून घेतली. दाबून बघ.

कपाट मोकळं झालेला,
तुझा राधाकिशन