कोऱ्या बाह्या

३ मार्च, मंगळवार

भिंगरी आज दुपारीच घरी आली. दुकान सुटायला वेळ होता, तरी आली. अंगावर माझ्या हातचा निळा ड्रेस, वरून ओढणीसारखा कुणाचा तरी टॉवेल. सरळ न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली.

मग आईजवळ, माझ्या सुनेजवळ, बोलली. मी मशीनवर होते. ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं, पण पाय आपोआप थांबले होते.

चष्म्याचं दुकान. मागे काचा घासायची खोली. मालकानं तिला काच शोधायला आत पाठवलं आणि मागून येऊन कडी लावली. ड्रेस धरला. हिनं फ्रेमांचा ट्रे उचलून त्याच्या तोंडावर हाणला आणि पळाली.

नातीनं एवढं केलं तर आजीनं पाठीवरून हात फिरवावा की नाही? मी काय म्हणाले? — 'तरी मी म्हणत होते, बाह्या लावू!'

वा गं वा! केस पिकले, दात पडले, जीभ अजून पाळण्यात.

संध्याकाळी मुलगा आला. त्याला सगळं सांगितलं. तोंडातून पहिला शब्द — 'काय घातलं होतंस?' सगळ्यांनी निळ्या ड्रेसकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बरोबर आहे, शिवला कुणी? म्हणजे आरोपी नंबर एक मी. नंबर दोन माझी कात्री. चष्मेवाल्याचा नंबर कधी लागणार कोण जाणे.

४ मार्च

भिंगरी म्हणते, पोलिसांत जाणार. मुलगा म्हणाला, 'अगं, अब्रूचं काय?' ही म्हणाली, 'बाबा, मी ट्रे मारला तेव्हा त्याची अब्रू फ्रेमांबरोबर खाली पडली. उचलायची तर त्याला उचलू दे.'

सून एरवी मिठाला खारट म्हणायला घाबरते. आज तिनं पायात चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. मुलाला जावंच लागलं.

मी घरीच. कुलपासारखी.

५ मार्च

तक्रार लिहून घेतली म्हणे. पोलीसबाई चांगल्या आहेत. उद्या ड्रेस घेऊन बोलावलंय. 'त्यांना तो बघायचाय,' असं सून म्हणाली.

बघायचाय म्हणजे काय, मला कळत नाही होय? टेबलावर पसरणार. गळा किती, लांबी किती, बाह्या कुठायत! सगळा जन्म बायकांची मापं घेण्यात गेला. बाई उभी राहिली की लोक आधी चेहरा बघत नाहीत, आधी शिलाई बघतात, हे मला कुणी शिकवायला नको.

सकाळी दोघी बँकेत गेल्या होत्या. मी ड्रेस बादलीत घातला. स्वच्छ धुतला, गच्चीवर वाळवला. मग फाट बघितली. डाव्या मुंढ्यापासून, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथून, तिरकी खाली कमरेकडे. शिवण उसवलेली नाही, शेजारचं कापडच फाटलंय. कुणी मुठीत धरून खाली खेचल्याखेरीज कापड असं फाटत नाही. बघवेना. फाटकं दिसलं की माझ्याच्यानं राहवत नाही, त्यातून हे असलं. धागा जुळवून असं रफू केलं की नखानंही लागू नये. तुटलेलं बटण लावलं. आणि उरलेल्या कापडातून कोपरापर्यंत बाह्या काढून जोडल्या!

इस्त्री करून घडी घालून ठेवला. आता बघा म्हणावं काय बघायचं ते. आज स्वतःवर खूश आहे. चौथी पास, पण डोकं वकिलाचं!

६ मार्च

डोकं वकिलाचं नव्हे. डोकं बॉबिनचं. नुसतं गोल फिरतं.

मीही गेले होते, मिरवायला. पोलीसबाईंनी घडी उलगडली. ड्रेस धुऊन धुऊन फिका झालेला, आणि बाह्या कपाटातल्या तुकड्याच्या, कोऱ्या करकरीत! अंग निळं आकाशासारखं आणि हात शाईच्या दौतीसारखे. माझ्या चष्म्यातून दिसलं नव्हतं. ठाण्यातल्या ट्यूबखाली आंधळ्यालाही दिसलं असतं.

'आजी, हे काय केलंत?'

'चांगला केला,' म्हटलं. 'आता कुणी नाव ठेवणार नाही.'

बाईंनी कपाळावर हात ठेवला. म्हणाल्या, 'आम्हाला बाह्या नको होत्या हो. फाट हवी होती.'

तेव्हा कुठे उजेड पडला. त्या मागच्या खोलीत कुणी दुसरं नव्हतं. बघणारं नाही, ऐकणारं नाही. चष्मेवाल्याचं म्हणणं, कामावरून काढलं म्हणून पोरगी खोटं बोलते. हिच्याकडे दाखवायला एकच गोष्ट होती. ती मी साबण लावून धुतली आणि नखाला लागू नये असं रफू केलं.

भिंगरी रडली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, 'आजी, त्यानं विचारलं नाही काय घातलंय. तुम्हीच सगळे विचारत बसलात.'

७ मार्च

बोलत नाही माझ्याशी. चहा आणून ठेवते, कप आपटत नाही. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

९ मार्च

बाह्या उसवू का, असं विचारायला सुनेला बाईंना फोन लावायला सांगितला. त्या ओरडल्याच — 'आजी, आता काही करू नका! सुई खाली ठेवा!'

पोलिसांनी माझ्या हातातलं हत्यार काढून घेतलं. दरोडेखोर असल्यासारखं वाटलं.

१२ मार्च

गल्लीत बातमी पसरली. कोण कुठला शब्द बोललं ते विचारू नये. पण माझी चांदी झाली! आयांची रांग लागलीय. हिचा गळा वर घ्या, तिची लांबी सोडा, हिला आतून अस्तर लावा. 'काय करायचं मावशी, दिवस वाईट.' दिवस वाईट, म्हणून कापडाला शिक्षा. दुकानाचा मालक मजेत शटर उघडतोय, आणि इथे माझ्या टेबलावर फ्रॉक ओळीनं हजर होतायत, कैदी आणल्यासारखे.

आणि मी? नाही म्हणाले का? तोंडात टाचण्या धरून मापं घेतली. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. सोय आहे.

१७ मार्च

आज ठाण्यात जाऊन जबाब दिला. मुलगा नको म्हणत होता — 'आई, अजून घोळ घालशील.' घालायचा होता तेवढा घालून झालाय म्हटलं.

सगळं सांगितलं. मी धुतला, मी शिवला, पोरीला माहीतही नव्हतं. फाट कुठून कुठवर होती ते कागदावर रेघ काढून दाखवलं. खाली सही केली. पोलीसबाई हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, 'लिहून घेते. पण आजी, तुम्ही घरच्या. एकट्या तुमच्या बोलण्यावर केस उभी राहणं कठीण आहे. दुसरं कुणी पुढे आलं असतं तर...'

दुसरं कुणी कशाला यायला हवं? एक पोरगी पुरत नाही का? — हे घरी आल्यावर सुचलं. मला सगळं घरी आल्यावर सुचतं.

२० मार्च

भिंगरी बोलली! म्हणाली, 'रेघ तिरकी काढलीस म्हणे.' म्हटलं, हो. 'बरोबर काढलीस,' म्हणाली. आणि माझ्या ताटातला घास उचलून खाल्ला.

२८ मार्च

खालच्या मजल्यावरची आली. बरोबर तिची मुलगी. ही इतकी कमी बोलते की आम्ही तिला गोगलगाय म्हणतो. पिशवीभर शर्ट. 'मावशी, सगळ्यांना मनगटापर्यंत बाह्या लावून द्या. हिला नोकरी लागली.'

कुठे?

इकडेतिकडे बघत म्हणाली, 'चष्म्याच्या दुकानात. जागा रिकामीच होती ना.'

टाचण्या तोंडातून काढल्या. म्हटलं, 'अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे का? तिथे पाठवतेस?'

'तसं नाही मावशी. तुमची भिंगरी जरा... फॅशनची. राग नका मानू. आमची खाली मान घालून जाते, खाली मान घालून येते. आणि आता बाह्याही आहेत.'

रागानं नुसती फुलले. भिंगरी आत होती, तिनं ऐकलं. बाहेर येऊन गोगलगायीला म्हणाली, 'मागच्या खोलीत एकटी जाऊ नकोस.' पोरीनं मान हलवली. आईनं तिला दंडाला धरून नेलं.

शर्ट राहिले माझ्याकडे. परत पाठवायला हवे होते. पाठवले नाहीत. वाटलं, पोरगी जाणारच आहे तर निदान... निदान काय? बाह्या जोडल्या आणि मुंढ्याला दुहेरी शिलाई घातली. जणू त्याचा हात माझ्या शिलाईला अडखळून पडणार! म्हातारे, एवढं होऊनही तू तीच.

१० एप्रिल

चष्मेवाला भिंगरीच्या मामाला भेटला. 'मुलीचं वय आहे, चूक होते, तक्रार मागे घ्या, मी मनात ठेवणार नाही.' मोठ्या मनाचा! मुलानं मामाचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'तिला विचारू.' त्या दिवशी कपड्यांचं विचारलं होतं, आज तिचं मत विचारतोय. चालायला शिकतोय म्हणायचं. आमच्या घरात सगळेच उशिरा चालायला लागले.

भिंगरी नाही म्हणाली.

पण रात्री जेवताना तिचं लक्ष नव्हतं. ठाण्यातून काही कळत नाही. मला वाटतं, हे असंच विरून जाणार.

२२ एप्रिल

खालची आली. एकटीच. पदराखालून शर्ट काढला. 'मावशी, जरा एवढं शिवून द्या. दाराच्या कडीत अडकला.' माझ्याकडे बघत नव्हती.

डाव्या मुंढ्यापासून, तिरकी, कमरेकडे.

बाह्या मनगटापर्यंत. माझ्या दुहेरी शिलाईचा एकही टाका सुटलेला नाही.

मी मशीनवर झाकण घातलं. म्हटलं, 'धुऊ नकोस. पोरीला वर बोलाव.' तिनं शर्ट माझ्यापुढे ठेवला. भिंगरी जिना उतरून गोगलगायीला आणायला गेलीय, आणि मी पायात चपला घालून हे लिहितेय.