आवाज तोच, माणूस नव्हे

मालगुंड, ६ जानेवारी २०२४

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

हातखंब्याला स्कूटरवरून पडले तेव्हाची डोक्यावरची खोक आता भरली आहे. गवत उगवावं तसे केस उगवताहेत. बघाल तर हसाल. मेंदूची तपासणी करणाऱ्या मॅडमनी रोज थोडं लिहायला सांगितलंय, म्हणून पहिलं पत्र तुम्हालाच.

तुमचं जहाज कुठे आहे? लवकर या. घरात एक माणूस येऊन राहिला आहे. थेट तुमच्यासारखा दिसतो, हनुवटीवरचा तीळसुद्धा. तुमचेच शर्ट घालतो. फोनवर हे बोलवत नाही, तो जवळपास असतो. वाईट नाही हो. गोळ्या देतो, पेजेत मेतकूट घालून देतो. पण परवा त्याने माझा हात धरला आणि अंगावर काटा आला. परक्या पुरुषाबरोबर मी एका छपराखाली राहते, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

आंब्याला मोहोर बरा आहे. लोभ आहे तसाच असू द्या, रागावू नका.

तुमची,
उल्का


मालगुंड, ८ जानेवारी

चि. वैदेहीस,
अ. उ. आ.

तुझ्या आईने मला पत्र लिहिलं. पाकीट डकवून, पेटीत टाका म्हणून माझ्याच हाती दिलं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

मॅडमनी तिच्याकडून चित्रं काढून घेतली, आकडे उलटे म्हणवून घेतले, फोटो दाखवले. स्मरण उत्तम आहे. लग्नाच्या फोटोतला मी तिला लगेच ओळखू आलो. मॅडम म्हणाल्या, चेहरा ओळखण्याची वाट शाबूत आहे. आपलं माणूस दिसलं की आत जी ऊब उठते, तिची वाट अपघातात तुटली असावी. चेहरा नवऱ्याचा, पण ऊब उठत नाही. मग मेंदू ठरवून टाकतो की हा दुसराच कुणी. वाद घालू नका, खोटंही बोलू नका, असं त्यांनी बजावलं.

आवाजाचं तसं नाही. काल बागेतून फोन केला, तर किती भरभरून बोलली! बोलत बोलत मी घरापुढच्या खळ्यात आलो. मला पाहिलं मात्र, फोन छातीशी धरून दाराआड गेली.

जहाजावरची नोकरी सोडून मला वर्षं लोटली, पण घरातला मी नव्हे म्हणजे मी अजून जहाजावरच, असं तिने धरलंय. आता तिच्या पत्राला उत्तर कुणी द्यायचं, तूच सांग.

तुझे,
बाबा


कोल्हापूर, १२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शाळेत वाचलं. पुढचा तास दुसऱ्या बाईंनी घेतला.

उत्तर तुम्हीच द्या. पण जहाजावर आहे असं लिहू नका. उद्या आई बरी झाली, तर ते पत्र तिला तुमच्यासमोर वाचता यायला हवं. २० तारखेला शनिवारी मी येते, पालीला बसवरून उतरवून घ्यायला या. आणि पोटभर जेवत जा. आत्या सांगत होती, आई समोर बसू देत नाही म्हणून तुम्ही पडवीत एकटेच जेवता. चिडायचा हक्क तुम्हालाही आहे बाबा. तिच्यावर नको, मला फोन करून माझ्यावर चिडा.

तुमची,
वैदेही


मालगुंड, १६ जानेवारी

प्रिय उल्का,

मी जहाजावर नाही. घरातच आहे, पडवीतल्या खाटेवर झोपतो. पेज करतो तो मीच. तू पडलीस तेव्हा मेंदूला मार बसला, म्हणून मला बघून तुला मी वाटत नाही. यात तुझा काही दोष नाही. हात धरला, चुकलो. तू म्हणेपर्यंत पुन्हा धरणार नाही.

लोभ होता, आहे.

श्याम


मालगुंड, २५ जानेवारी

प्रिय अहो,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर तुमचंच, म्हणून आधी कपाळाला लावलं. मेंदूचं लिहिलंत ते समजलं. मॅडमनीही तेच सांगितलं, वैदेहीही तेच सांगून गेली. एवढी सगळी म्हणतात तर खरं असेल, असं मनाला बजावून काल पडवीत गेले. त्याच्यासमोर बसले. चेहरा नीट पाहिला, खूप वेळ पाहिला. अहो, तुम्ही तिथे नव्हतात.

तो रडायला लागला. मला बघवेना. मी पदराने त्याचे डोळे पुसले. तेवढ्याची मला क्षमा करा. आजपासून त्याचं ताट स्वयंपाकघरातच मांडते.

तुम्ही आलात की त्याला लगेच घालवून देऊ नका. त्याचीही कुठे कुणी बायको वाट पाहत असेल. विचारलं, तर नुसता माझ्याकडे बघत राहतो.

तुमचीच,
उल्का