टळलेली चूक

४ फेब्रुवारी २००८
रकान्यात शब्द मावत नाही! हॉस्पिटलात नवीन सॉफ्टवेअर आलं. कोणत्या विभागाच्या किती चुका, ते मी भरायचं. त्यावर गुण, गुणांवर सगळ्यांचा प्रोत्साहन भत्ता. आमच्या औषध विभागाच्या फार्मासिस्ट शर्मिलामॅडमनी आज एका बाळाच्या चिठ्ठीत दहापट डोस पकडला, डॉक्टरांना फोन करून बदलून घेतला. म्हणाल्या, "टळलेली चूक" असं लिही. रकाना एवढासा. "चूक" लिहिलं. चू दीर्घ.

२९ फेब्रुवारी
आमचा विभाग शेवटचा. शस्त्रक्रियावाले पहिले — ते काही नोंदवतच नाहीत! मीटिंगमध्ये व्यवस्थापक रावसाहेब मॅडमना म्हणाले, "एवढ्या चुका करून आपल्याला झोप लागते का हो?" मॅडमनी सांगितलं, चुका डॉक्टरांच्या, मी फक्त अडवल्या. सगळे हसले. मीही.

११ मार्च
रावसाहेबांना रकान्याचं सांगायला गेलो. ते म्हणाले, सॉफ्टवेअर कंपनी फुकट काही बदलत नाही. मग चष्म्यावरून बघत, "कायम व्हायचंय ना तुला?"
परत आलो.

१८ मार्च
भत्ता बुडाल्यापासून काउंटरवरची पोरं मॅडमचा चहा सांगत नाहीत. आज त्यांच्या खुर्चीला कागद चिकटवला होता — "चुकांची खाण". शुद्धलेखन बरोबर होतं. मॅडमनी तो काढला, घडी करून टोपलीत टाकला आणि फोन उचलला. वॉर्डात आणखी एक चूक होती.
मी त्यांना हळूच म्हटलं, पकडा, पण नोंदवू नका. त्या म्हणाल्या, मग तोच डॉक्टर उद्या तेच लिहील.

१ एप्रिल
मॅडमची बदली. मांजरी गावातलं औषधांचं गोदाम. त्यांच्या जागी सूरज — हात भराभर चालतो, कुणाला फोन नाही, काही विचारणं नाही.

७ एप्रिल
बाबांना आपल्याच हॉस्पिटलात दाखल केलं. सांधे फार सुजलेत. स्टाफची सवलत मिळाली.

१० एप्रिल
सूरज आल्यापासून चुका शून्य. रावसाहेबांनी पेढे वाटले. मी कायम झालो! बाबांना पेढा नेला. तोंड आलंय म्हणाले. खाल्ला नाही.

१२ एप्रिल, शनिवार
बाबांच्या तोंडातून रक्त. सूरज म्हणतो, चिठ्ठीप्रमाणेच दिलंय. शेवटी गोदामात मॅडमना फोन लावला, चिठ्ठी वाचून दाखवली.
"तिसरी ओळ परत वाच, यज्ञेश्वर."
सांध्यांची गोळी, रोज एक.
"आठवड्यातून एक असते ती. कधीपासून देतायत?"
सोमवारपासून.