देठ दिसतो का

दिंडोरी, १२ जानेवारी २०२५

चि. निकितास नाथामामाचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टर भाचीला फोन करायचा सोडून मामा कागद लिहितोय म्हणून हसशील. पण फोन तुझ्या मामीच्याच हातात असतो आणि गोष्ट तिचीच आहे. उज्वलाच्या मानेला डावीकडे गाठ आलीय. दुखत नाही. तिची थोरली बहीण अशाच गाठीनं गेली, म्हणून ही पदर ओढून घेते आणि विषयच काढू देत नाही.

ती दुपारी पडली की मी द्राक्षमणी मोजायचं कॅलिपर हळूच लावून पाहतो. महिन्याभरात चौदाची अठरा मिलिमीटर झाली. बागेत मणी अठराला गेला की आपण खूश होतो, इथं मी पुन्हा पुन्हा मोजत बसलो. पण गाठ मण्यासारखी गोल आहे, हे चांगलंच ना? आणि तुझ्या सोनोग्राफीत नेमकं दिसतं तरी काय? मला पोटातलं बाळ तेवढं ठाऊक.

मामावरचा लोभ आटू देऊ नकोस.

नाथामामा

नाशिक, १५ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

कॅलिपरपाशी मात्र हसले. मामा, गोल मणी व्यापाऱ्याला आवडतो, मला नाही. बारीक गाठी सगळ्यांच्याच मानेत असतात. निरोगी गाठ घेवड्याच्या बीसारखी लांबट, चपटी असते. म्हणून आम्ही लांबी आणि जाडी दोन्ही मोजतो. शिवाय मणी देठातून पोसतो ना, तशी गाठीतही रक्त आत जायची वाट असते. पडद्यावर तिथं पांढरी रेघ दिसते. ती पुसली असेल तर सुईनं नमुना काढून तपासायचा. गोल म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण घरी मोजून ते कळायचं नाही.

मामीला लगेच घेऊन या. खोटं सांगून आणू नका.

माया आहेच, धाक दाखवते म्हणून ती कमी करू नये.

आपली निकिता

दिंडोरी, २० एप्रिल

चि. निकितास मामीचे आशीर्वाद.

तुझा कागद मामांनी फवारणीच्या वहीत दडवला होता. ती वही मीच लिहिते, हे विसरले. त्यामुळे तू पडदा माझ्याकडे वळवलास तेव्हा मी आधी देठ शोधला. दिसला नाही. मामा भिंतीकडे बघत होते. सुईचा रिपोर्ट येईपर्यंत मला फार भीती वाटली, सारखी बहीण आठवायची. टीबी आहे ऐकून कोणी हरखतं का? आम्ही हरखलो.

सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. फवारणीचा दिवस न चुकवणारा माणूस माझी गोळी कशी चुकू देईल? गाठ आता अकरावर आलीय.

घरी मोजायची गरज नाही, असं तू मला फोनवर म्हणालीस. ते मी त्यांना सांगितलेलं नाही. दुपारी मी डोळे मिटून पडते, ते चष्मा लावून वाकतात. मी जागी असते, हे त्यांना जानेवारीतही कळलं नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

तूही सांगू नकोस. एवढी माया मामीवर असू दे.

उज्वलामामी