तृप्तीला ऐकू आलं पायजे

१२ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प बारा दिवस उशिरा करून राह्यलो. घाईत केलेले संकल्प टिकत न्हाईत, हा माझा अनुभव आहे. संकल्प एकच: माझी बेस गिटार ऐकू आली पायजे.

कारण काल इथं जालन्यात मंठा रोडच्या लॉनवर रिसेप्शन होतं. आमच्या ऑर्केस्ट्राला लग्नानंतर पहिल्यांदाच तृप्ती आल्ती. परत येताना गाडीवर मागं बसून म्हणली, गाणारी मस्त, ढोलकीवाला मस्त, ती कीबोर्डवाली आकांक्षा तर लईच भारी. मी वाट पाहिली. रेल्वे गेट आलं तरी माझं नाव न्हाई. शेवटी मीच विचारलं, अन् माझं? तर म्हणली, तुमचं काय वाजत होतं ते कळलं न्हाई हो. तुम्ही हात हलवताना दिसले.

बायकोला संगीतातलं कळत न्हाई, हे एक. पण माझ्या बेसमध्येच काही कमी असू शकती, हे दुसरं. म्हंजे गिटारमध्ये. माझ्यात न्हाई.

१४ जानेवारी, संक्रांत

तृप्तीचे भाऊ आदिनाथ त्यांच्या गावाहून, कुंभार पिंपळगावहून, आल्ते. त्यांचं तिथं बियाण्याचं अन् खताचं दुकान आहे. तिळगूळ दिला अन् लगेच म्हणले, दाजी, मिरगाच्या आधी काउंटरवर भरोशाचा माणूस पायजे, घरचाच असला तर बरं. म्हटलं बघू. कलाकाराला कोणी युरियाच्या गोण्यांजवळ बसवतं का?

तृप्ती पिकोच्या मशीनवर कुणाची तरी साडी ओढत राह्यली. भाऊ गेल्यावर म्हणली, चैत्री पौर्णिमेला आमच्या गावच्या जत्रेत तुमचाच ऑर्केस्ट्रा आहे ना? मी समोर बसते. तुमचं वाजलेलं मला ऐकू आलं तर भावाला मी स्वतः न्हाई म्हणते, दुकानाचं नाव पुन्हा काढायची न्हाई. न्हाई ऐकू आलं तर गिटार विकायची अन् काउंटरवर बसायचं. रोज घरी यायला मिळंल, पोट भरंल.

लगेच मान्य केलं. इतकी सोपी अट कोण घालतं!

१९ जानेवारी, रविवार

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ‘बेसवाले मराठवाडा’. तिथं टाकलं: बेस ऐकू येत न्हाई, काय घेऊ? दिवसभर चर्चा. एक म्हणतो तारा बदल. एक म्हणतो पायानं दाबायचं आवाजाचं पेडल घे, त्याच्याकडं विकायला आहे. नांदेडचा एक म्हणला, बोटं बदल. त्याला मी उत्तर दिलं न्हाई.

संभाजीनगरचा अपूर्व म्हणला, आधी साउंडवाल्याला विचारा, मिक्सरवर तुमचा चॅनल चालू आहे का. हा आयटीत आहे, ह्याच्या घरी गिटारींना स्वतंत्र खोली आहे, अन् अक्कल ही. आमचा साउंडवाला वसंता. त्याला बेस अन् ट्रेबलमधला फरक मी शिकवला. त्याला मी जाऊन विचारू?

२ फेब्रुवारी, रविवार

निर्णय झाला. पाच तारांचा बेस. पाचवी तार आणखी खाली जाती. चार तारांचा ऐकू येत न्हाई, म्हंजे तो पुरेसा खाली जात न्हाई, सरळ हिशेब आहे. अपूर्वकडं पाच तारांचा पडून आहे. माझा जुना घेऊन तो द्यायला तयार झाला. वरून काही मागत न्हाई. काहून मागत न्हाई, ह्याचा थोडा विचार केला. पोरगा भोळा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

संभाजीनगरला जाऊन अदलाबदल करून आलो. अपूर्वनं माझा जुना बेस त्याच्या मोठ्या ॲम्पला लावला तर खिडकीची काच थरथरली. दोनदा म्हणला, सोमेश्वरभाऊ, पुन्हा विचार करा, हा काहून देऊन राह्यले? विकणाऱ्यांची ही नाटकं मी पुरती ओळखून आहे. त्याचं मन बदलायच्या आत सौदा पक्का म्हटलं अन् पाच तारांचा खांद्याला लावला.

निघताना म्हणला, ह्यात चौकोनी सेल लागतो. वाजवून झालं की केबल काढून ठेवत जा. केबल खोचलेली राह्यली की सेल चालूच राहतो, उतरला की गिटार मुकी. असल्या गोष्टी नवशिक्यांना सांगायच्या असतात. तरी मान हलवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

रोज दोन तास रियाज. आजपासून.

१७ फेब्रुवारी

केदारखेड्याला, माझ्या गावी, हरभरा काढणी. शेतात बेस नेता येत न्हाई.

१८ फेब्रुवारी

हरभऱ्यानं बोटं सोलली.

१९ फेब्रुवारी

बोटं बरी आहेत. पण ह्या गिटारीची मान लई रुंद आहे. मनगट भरून आलं. पाचवी तार आमच्या एकाही गाण्यात लागत न्हाई. अंगठा टेकवायला मात्र बराबर आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

अंबडला लग्न. आकांक्षाला बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं, बाई, तुझा डावा हात जरा जास्त होऊन राह्यला, खालचे स्वर माझ्यासाठी ठेव. ती खाली बघून म्हणली, दादा, मला काकांनीच सांगितलंय.

म्हंजे भालचंद्रकाकांनीही तिला टोकलं. ऑर्केस्ट्राचे मालक असून त्यांचं इतकं बारीक लक्ष आहे, बरं वाटलं. पोरगी गुणाची आहे, हळूहळू कमी करंल.

८ मार्च, शनिवार

परतूरच्या प्रोग्रॅमला मला नेलं न्हाई. बोलेरोत जागा न्हाई म्हणले. छोटा प्रोग्रॅम आहे, तू आराम कर. काका मला जत्रेसाठी राखून ठेवून राह्यले. मोठ्या सामन्याच्या आधी चांगल्या बॉलरला असंच बसवतात.

घरी तृप्ती पहाटेपासून मशीनवर होती. लग्नसराई, पिकोच्या साड्यांचा ढीग. आराम करता आला न्हाई, मशीनचा आवाज लई.

२१ मार्च, शुक्रवार

भालचंद्रकाकांचा स्वतःहून फोन. म्हणले, सोमेश्वर, जत्रेला मात्र तू पायजेच. स्टेज चाळीस फुटी आहे, तुझ्याशिवाय भरल्यासारखं दिसत न्हाई. पांढरा कोट घाल अन् डावीकडं उभा राह्य.

काकांनी माझं असं कौतुक कधी केल्तं, आठवत न्हाई. तृप्तीला शब्दन्शब्द सांगितला. ती म्हणली, दिसत न्हाई म्हणले का ऐकू येत न्हाई म्हणले? हिचं हे असं असतं.

३० मार्च, पाडवा

मोठी चूक लक्षात आली. तृप्तीला बेस ऐकू येणार कसा, बेस म्हंजे काय हेच तिला म्हाईत न्हाई! श्रीखंड झाल्यावर मोबाईलवर गाणी लावून तिला शिकवलं. म्हटलं, गाणारी सोड, ढोलकी सोड, सगळ्याच्या खाली जो चालतो, कानापेक्षा पोटाला आधी कळतो, तो मी.

तिनं डोळे मिटले. पहिल्या गाण्यात काही न्हाई. दुसऱ्यात न्हाई. तिसऱ्यात एकदम माझा हात धरला. अगंबाई, हे व्हय? हे तर सगळीकडंच असतंय! इतकी वर्षं कुणी सांगितलंच न्हाई मला.

तिला इतकं खूश लई दिवसांत पाहिलं न्हवतं. मंग चौथं, पाचवं, अशी दुपार गेली. मशीन बंदच होती.

१० एप्रिल, गुरुवार

अर्धा तास रियाज. मंग लाईट गेली. गिटार कोपऱ्यात उभी केली, केबलसकट. परवा तशीच उचलायची. जत्रेच्या दिवशी केबल शोधत बसलो तर मूड जातो.

१३ एप्रिल, रविवार, सकाळी

कुंभार पिंपळगाव, सासुरवाडीची ओसरी. सगळे झोपलेत, मला झोप न्हाई. जिंकलो!

काल साउंड चेकला वसंतानं मान वर न करताच बराबर आहे म्हटलं. म्हटलं, ही नवीन गिटारीची कमाल, चेक करायचंही काम न्हाई. अन् प्रोग्रॅम सुरू झाला तो काय आवाज! स्टेजची फळी पायाखाली गुणगुणत होती. हाताला असं हलकं कधी लागलं न्हवतं, नुसतं बोट ठेवायचं अन् स्वर हजर. एकदा मानेवर डास बसला, दोन्ही हात काढून मारला, तरी स्वर चालूच. भारी गिटार म्हणतात ती ही.

तृप्ती पहिल्या ओळीत, शेजारी सासूबाई. मोबाईल धरून शूटिंग करत होती. मधीच डोळे मिटायची अन् मान हलवायची. बराबर बेसवर!

प्रोग्रॅम संपल्यावर इथं ओसरीवर, भावासमोर, आईसमोर म्हणली, ऐकू आलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आलं. मी ह्यांना नुसते हात हलवणारे समजले. चुकलं माझं. मंग आदिनाथभाऊंना म्हणली, दादा, हे दुकानात बसायचे न्हाईत, तुम्ही दुसरा माणूस बघा. भाऊ म्हणले, बरं, मंग गावातल्याच एकाला आजच हो म्हणून टाकतो.

हे वाक्य ऐकायला अकरा वर्षं थांबलो. चुकलं माझं. पुन्हा एकदा लिहितो. चुकलं माझं, म्हणली.

दुपारी

जालन्याला आलो. सहज म्हणून छोट्या ॲम्पवर वाजवायला बसलो. आवाज न्हाई. केबल बदलली. न्हाई. मागचं झाकण उघडलं, सेल मेलेला. कोपऱ्यावरून नवीन आणला, लगेच बोलायला लागली.

येताना रस्त्यात उतरला असंल. रस्ता लई खराब आहे.

संध्याकाळी

केबल गुरुवारपासून खोचलेली होती. काल स्टेजवर फक्त तिचं दुसरं टोक लावलं.

सेल स्टेजवर मेलेला असता तर मला आवाज आलाच नसता. मला तर आला. सगळ्या गावाला आला. म्हंजे सेल जिवंत होता. हा हिशेब तीनदा केला. डास मध्ये येतो.

शेवटी खात्रीसाठी वसंताला फोन लावला. कालचं विचारलं तर तो म्हणला, सोमेश्वरभाऊ, तुमचा चॅनल मी दिवाळीपासून बंदच ठेवतो. काकांचं सांगणं होतं. खालचं सगळं आकांक्षा डाव्या हातानं घेती. तुम्हाला म्हाईत आहे असंच समजत होतो मी. सगळ्याला म्हाईत आहे.

बरं म्हटलं. जेवला का विचारलं. फोन ठेवला.

लाज वाटली. मरणाची लाज वाटली.

१४ एप्रिल, सोमवार

ऑर्केस्ट्राला आज जयंतीचे प्रोग्रॅम. ताप आहे असं कळवलं. कुणी पुन्हा विचारलं न्हाई.

संकल्प: आज तृप्तीला सांगायचं. भाऊंनी माणूस ठेवला नसंल तर अजून जमंल.

ती मशीनवर गुणगुणत होती. उद्या सांगतो.

१५ एप्रिल, मंगळवार

जेवण झाल्यावर सांगणार होतो. जेवताना तिनंच सांगितलं, दादानं माणूस ठेवला, शनिवारपासून येऊन राह्यला. अन् म्हणली, बरं झालं बाई, आपल्या मागची कटकट गेली.

१९ एप्रिल, शनिवार

तृप्तीनं शेजारच्या पोरीकडून जत्रेच्या व्हिडिओतला एक तुकडा कापून घेतला अन् मोबाईलची रिंगटोन करून घेतली. मला वाजवून दाखवली. सगळ्याच्या खाली चालून राह्यलं ते, हेच तुमचं ना? म्हणली.

मी म्हटलं, हो.

आता पिकोवाल्या बायकांचा फोन आला की घरात आकांक्षाचा डावा हात वाजतो. दिवसातून किती वेळा, मोजत न्हाई. पोरगी चांगली वाजवती. माझ्यापेक्षा चांगली वाजवती. रोज ऐकावं लागलं म्हणून कळलं.

२३ एप्रिल, बुधवार

अपूर्वला विचारलं, जुना बेस परत देतो का? त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, भाऊ, आता न्हाई जमणार. त्यावर वाजवलेला व्हिडिओ त्यानं ग्रुपवर टाकला. सगळे वा वा करून राह्यले. नांदेडवालाही. मीही अंगठा दिला.

पाच तारांचा विकायला टाकला. चार जणांनी पाहिला. नांदेडवाल्यानं विचारलं, आवाज येतो का?

२ मे, शुक्रवार

भालचंद्रकाकांचा फोन आल्ता. उचलला न्हाई. वसंतानं कानावर घातलंय, पुढच्या सिझनला एकच बोलेरो, माणसं कमी करून राह्यले. स्टेजही आता छोटेच असतात म्हणे, भरायची गरज न्हाई.

उचलला न्हाई म्हंजे काढलं न्हाई, असंही म्हणता येतं.

४ मे, रविवार

काकांचे सकाळपासून तीन फोन. उचलले न्हाईत. संकल्प: उद्या सकाळी चहाच्या आधी तृप्तीला सगळं सांगायचं. कसं सांगायचं ते मनात जुळवलं. आधी सेलचं, मंग वसंताचं, मंग बाकीचं.

दुपारी

आत्ता तिचा मोबाईल वाजला. ती साडीला फॉल लावत होती. मी वाकून पाहिलं, स्क्रीनवर भालचंद्रकाका. म्हटलं, राहू दे, नंतर करू. ती म्हणली, अहो, प्रोग्रॅमचं काही तरी असंल, तुम्ही उचलत न्हाई म्हणून मला लावला असंल.

उचलणार, तेवढ्यात थांबली. सुई दातात धरली अन् बोट वर करून मला गप्प केलं. म्हणली, हा तुकडा होऊ द्या. डोळे मिटून तिनं सगळा ऐकला, शेवटच्या स्वरापर्यंत. मंग फोन कानाला लावला अन् म्हणली, नमस्कार काका, हे घरीच आहेत, बोला.

मी आतल्या खोलीत येऊन हे लिहून राह्यलो. बाहेर ती नुसती ऐकून राह्यली.