द्राक्षासवाची बाटली

रविवार, ५ जानेवारी २००३

आणली एकदाची! जालन्याहून, एस.टी.त, मांडीवर पिशवी अन् पिशवीत वर मेथीची जुडी. लाल एक, पांढरी एक. दोन्ही मिळून तीनशेच्या आत. वडीगोद्रीला उतरताना बाटल्या एकमेकींवर आपटल्या, मी मेथीची जुडी मधे खुपसली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "तेलाच्या हायेत का?" म्हटलं, "औषधाच्या."

खोटं कुठं बोललो? गेल्या महिन्यात छातीत धडधडलं म्हणून अंबडच्या डॉक्टरकडं गेल्तो. बीपी थोडं वर. वडील, आमचे बापू, कशानं गेले, विचारलं. कावीळ, सांगितलं. मीठ कमी करा, चालत जा, म्हणाला. वाइनचं मात्र डॉक्टरनं नाही, रखमाजीनं सांगितलं. तो आमच्या साखर कारखान्यात बॉयलरवर, मी लॅबमध्ये. "पेपरात आलंय मच्छिंद्रराव, लाल वाइन काळजाला लई गुणकारी!" पेपरात आलं की रखमाजीला तो वेद.

आता ठेवायची कुठं? दोन खोल्यांचं क्वार्टर, अन् घरात माय. तुळशीची माळ घालून पस्तीस वर्षं झाली तिला. बापू गेले त्याच वर्षी घातली. दारू पिणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. गिरिजाला दाखवली तर म्हणे, "मला नका गुंतवू. तुमचं तुम्ही निस्तरा." स्वतःची बायको!

शेवटी डोकं चाललं. मायच्या द्राक्षासवाची एक रिकामी बाटली होती, तपकिरी काचेची. ती धुऊन लाल वाइन तिच्यात. फडताळात अगदी मागं, काकवीच्या बरणीआड. मायची चालू बाटली पुढंच असते, मागं कोण बघतंय! पांढरी रखमाजीकडं ठेवायला दिली.

८ जानेवारी

माय भजनाला गेली तसा अर्धा पेला घेतला. स्टीलच्या पेल्यात. जांभळाची बी चघळावी तशी जीभ आवळली. आंबट. मागून ओल्या लाकडासारखा वास. तोंड वाकडं झालं – दीडशे रुपये देऊन! पाच मिनिटांनी छातीत ऊब आली. धडधड कमी झाली का भीतीनं वाढली, काही कळेना. दोनदा दात घासले, वेलची चघळली. माय आली तेव्हा मी उगाच अंगणात झाडत होतो. जन्मात झाडू हातात घेतला नाही!

रविवार, १२ जानेवारी

रखमाजीकडं पांढरी उघडली. माठातल्या पाण्याची बादली भरून तिच्यात तासभर थंड केली. कैरीच्या पन्ह्यात साखर घालायची राहावी, तशी चव. नुसती घेतली तर दात आंबतात. पण मिरचीच्या भज्यांसंगं – झकास! लालपेक्षा हलकी, तोंडाला वासही कमी. रखमाजीनं पेला एका दमात संपवला अन् तोंड पाडून बसला. "ह्याच्यानं तर काहीच होऊन नाही राह्यलं!" त्याला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. मला काही होऊ नये, एवढंच पाहिजे.

आसवाच्या बाटलीचं त्याला सांगितलं. खो खो हसला. "अहो, आसवात बी थोडी असतीच की!" सांगायला नको होतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या कॉलनीभर होईल.

१४ जानेवारी, संक्रांत

माय तिळगूळ वाटायला गेली. लाल काढली – अन् ही तर पार बदललेली! गोडवा आलाय. लवंग, दालचिनी, मागून मनुका. जीभ आवळत नाही. वाइन मुरते, असं ऐकलं होतं. सहा दिवसांत मुरली! एवढ्या स्वस्तातली, अन् काय खुलली! बारा वर्षं उसाचा रस तपासून राह्यलो, जीभ तयार आहे आपली. रखमाजीला काय कळणार? लालच खरी.

रविवार, १९ जानेवारी

मेलो.

जेवण झालं. मायनं फडताळ उघडलं, काकवीची बरणी बाजूला सारली, माझी बाटली काढली. दोन चमचे वाटीत, वरून पाणी. माझ्याकडं बघत बघत प्यायली. "पोट फुगतं रे. पुढची बाटली सरली. ही लई गुणाची निघाली, आठ-दहा दिवस झाले घेऊन राह्यले." गिरिजा माझ्याकडं बघेना.

२० जानेवारी

बाटली मोरीत ओतली. डोळे मिटून ओतली, वासही घेतला नाही. वडीगोद्रीहून नवं द्राक्षासव आणून तिच्यात भरलं. पण जे पोटात गेलं, त्याचं काय? पस्तीस वर्षांची माळ माझ्यापायी मोडली!

सांगावं का? सांगितलं तर माय माळ उतरवणार. त्यांच्यात तसंच आहे. नेम मोडला की माळ काढायची, महाराजांपुढं, चार लोकांत कबूल करायचं, मंग पुन्हा घालून घ्यायची. सत्तर वर्षांची बाई उभी राहून म्हणणार – मी दारू प्याले. अन् नाही सांगितलं तर? तिला काय कळतंय! पण मला कळतंय ना.

२३ जानेवारी

रसाचे दोन नमुने उलटसुलट लिहिले. साहेब बोलले. छाती धडधडतेय.

२८ जानेवारी

एकादशी. देवळात भजनाला मी मागं बसलो. माय पुढं, टाळ घेऊन. सगळा वेळ तिच्या गळ्याकडंच नजर. घरी आल्यावर म्हणाली, "तोंड का उतरलंय रे? काही सांगायचंय का?" दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हटलं, काही नाही. किती जल्दी येतं हे तोंडात! लाज वाटते माझी मला.

रविवार, २ फेब्रुवारी

सांगितलं. पाय धरून सांगितलं.

माय म्हणाली, "मी कुठं प्याले? तू आणलीस त्याच आठवड्यात बूच काढलं, वास आला, मोरीत ओतली. आसव भरून ठेवलं. संक्रांतीला तूच प्यालास, ते आसव."

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"बोलतोस का, वाट पाहून राह्यले. तुझा बाप बी असाच बाटल्या बदलायचा. काकवीच्या बरणीमागंच ठेवायचा. मरेस्तोवर बोलला न्हाई, दारूनंच गेला. मंग लोकाला सांगाया मी कावीळ म्हणाले. तुला बी."

उद्या अंबडला जातो. डॉक्टरला मी कावीळ सांगून आलोय.