नियम दुसरा: ‘य’च्या जागी ‘ळ’

९ नोव्हेंबर १९६७
खामगावला सरांकडे आजपासून काम सुरू. सर निवृत्त शिक्षणाधिकारी. सात-आठ वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन जिल्हाभर हिंडले आणि खेड्यातल्या बायकांकडून घरगुती औषधे विचारून घेतली. आता त्याचे पुस्तक करायचे, तर सरांनाच ऐकू येत नाही. म्हणून मी. फीत ऐकायची आणि मराठी टंकयंत्रावर उतरवायची. फिती एकवीस. ध्वनिमुद्रण यंत्र आणि फिती नागपूरच्या एका संस्थेच्या. १५ डिसेंबरला परत जायच्या, आणि तिथे त्या पुसून दुसऱ्या कामाला घेतात.

सरांशी पाटीवर लिहून बोलायचे. मला बोलावे लागत नाही, याचे मनातल्या मनात समाधान वाटले.

टंकयंत्राची मांडणी सरांनी स्वतः सांगितली. डावा समास दहावर, उजवा सत्तरवर, ओळींत दुप्पट अंतर, बाईचे नाव समासाला, उपाय पाच घरे आत. मग नियम. भिंतीवर कागद चिकटवला आहे:
१. मले-तुले नको, मला-तुला. माय नको; आई.
२. बोलण्यात ‘य’ आणि मूळ शब्दात ‘ळ’ असेल तर ‘ळ’.
३. खोकला, उसासे, अडखळणे गाळावे.
“बाकी सगळे उतरव. काय ठेवायचे ते मी कागदावर पाहीन. आणि भाषा अशी हवी, की पुण्याच्या मंडळींनी हसू नये.”

१० नोव्हेंबर
एक फीत पूर्ण. मेहकरकडच्या बाई म्हणतात, “डोयात कायं घालू नका, डोया जाते.” मी टंकले: “डोळ्यात काळे घालू नये, डोळा जातो.” ‘य’ सरळ बोटाने उमटतो, ‘ळ’ला शिफ्ट दाबावी लागते. दिवसभरात करंगळी दुखायला लागली.

सहावीत गुरुजींनी माझ्याकडून ‘सकाळ, बाभूळ, केळ’ दोनशे वेळा म्हणवून घेतले होते. त्या वर्षी वक्तृत्वात पहिली आले. तेव्हापासून घरात बाबांची ठरलेली थट्टा: “आमची इंदू केळं खाते. आमी बापा केयच खातो.” आज पिंपळगावला उतरून घरी गेले, तर पुन्हा तेच. मावशीने पोळी वाढता वाढता विचारले, “मंग आता पोयीले का म्हनू?” हसले नाही. हसायला हवे होते.

२० नोव्हेंबर
दुपारी वीज मंदावली. यंत्र सावकाश झाले आणि मोताळ्याच्या म्हातारीचा आवाज खाली खाली जात पुरुषाचा झाला. ती पोटशूळ सांगत होती. मी ऐकत राहिले, उठून बंद केले नाही. नंतर का कोण जाणे हात धुतले.

आता घरी कोणी बोलले तरी डोक्यात तिन्ही नियम आपोआप चालतात.

२४ नोव्हेंबर
फीत क्र. १४. डबीवर सरांच्या अक्षरात: पिंपळगाव राजा, १९६०, कोरडा खोकला. नाव नाही. मी कागद चढवला, कानाला हेडफोन लावला.

“अडुयशाची पानं घ्या. जुनी नाही, कोवयी. काया गुयात शिजवा. तीन दिस घ्या. मंग खोकला पयते.”

माझी आई.

ती गेली त्या वर्षीचा आवाज. मी अकरा वर्षांची होते. बहुधा त्या दिवशी शाळेत असेन. सात वर्षे तिचा चेहरा डोळ्यांपुढे होता, आवाज मात्र राहिला नव्हता. तो कसा होता हे विसरल्याचेही मी विसरले होते. बोटे थांबली नाहीत. अडुळसा, कोवळी, काळ्या, गुळात, पळतो. सगळे ‘ळ’ जिथल्या तिथे.

मग फितीवर सर विचारतात, “आणखी काही?” ती सरांशी बोलत नाही. बाबांशी बोलते, जवळच असावेत.

“अजी, माह्या मांगं पोरीले माय” … इथे खोकला, बराच वेळ … “तेवढं करा. मंग मी मोकयी.”

कागदावर पाहिले. मी टंकले होते: “माझ्या मागे मुलीला माळ. तेवढे करा. मग मी मोकळी.”

मुलीला माळ. बोटांनीच ठरवून टाकले.

२५ नोव्हेंबर
काल पुढे लिहवले नाही. स्वतःसाठी नीट मांडते.

आई गेल्यावर चार महिन्यांनी बाबांनी दुसरी बायको करून आणली; तिला मी मावशी म्हणते. म्हणाले, तिनेच तसे सांगितले होते, पोरीला माय पाहिजे. जळगाव जामोदचे मामा तेरवीलाच भांडून गेले होते. त्यांचे म्हणणे, बहिणीने त्यांच्यासमोर पोरीसाठी माळ ठेवायला सांगितली होती: लाल मण्यांची, मधे मधे सोन्याचे मणी असलेली. ती माळ मावशीच्या गळ्यात आहे. मामा पुन्हा आमच्या दारात आले नाहीत. मी मामांच्या बाजूची. म्हणून मावशीला सात वर्षांत कधी माय म्हटले नाही. तिनेही म्हणायला सांगितले नाही.

म्हणजे त्या एका अक्षरावर सगळे आहे. तिथे ‘य’ असेल, तर बाबा खरे आणि मी या बाईशी सात वर्षे अन्यायाने वागले. ‘ळ’ असेल, तर आईची शेवटची इच्छा गळ्यात घालून दुसरीच बाई रोज माझ्यासमोर भाकरी थापते.

२७ नोव्हेंबर
फिरत्या चकतीला बोट लावून आवाज सावकाश केला. नऊ वेळा. ‘माऽऽय’. जिभेचे टोक वळते का ते शोधत होते.

दुपारी एकदम लक्षात आले. कोवयी, काया, गुय, मोकयी. तिच्या तोंडात ‘ळ’ नव्हताच. मी जे अक्षर ऐकण्याचा प्रयत्न करते आहे, ते तिने जन्मात उच्चारले नव्हते. माळ म्हणायची असती तरी ती माय म्हणाली असती. फरक सांगणारे क्रियापद होते, ‘आना’ की ‘द्या’. आणि ते खोकल्यात गेले. नियम तिसरा: खोकला गाळावा.

पाटीवर सरांना विचारले: फीत १४ची बाई आठवते? म्हणाले, “त्या वर्षी रोज नवे गाव. चेहरे आठवत नाहीत. आवाज तर…” आणि कानाकडे बोट दाखवून हसले.

एस.टी.त मागच्या बाकावर कोणीतरी खोकत होते. खामगावपासून घरापर्यंत मान वळवून पाहिले नाही.

२९ नोव्हेंबर
बाबांना विचारले. ते सरकी भिजवत होते.
“बाबा, आई शेवटी काय म्हणाली होती?”
“सांगतलं ना कितीखेप. पोरीले माय पाह्यजे.”
“माय, की माळ?”
“हाव. माय.”
“बाबा, गळ्यातली, की…”
“तेच तं म्हनून राह्यलो ना मी. माय.” मग हात थांबला. “काऊन इचारून राह्यली?”

फितीचे सांगितले. बाबा उठून गोठ्यात गेले. बराच वेळ बैलाशी बोलत होते. जेवायला आल्यावर एवढेच म्हणाले, “आवाज तसाच हाय का?”
हो म्हटले.
“मले नको आयकवू.”

त्यांनी खोटे सांगितले असेल असे आज वाटले नाही. त्यांना तेव्हा जे ऐकू आले तेच ते सांगत असतील. पण माणसाला ऐकू काय येते, हे नऊ तारखेपासून मी रोज पाहते आहे.

५ डिसेंबर
मामांना पत्र टाकले होते, उत्तर आले. मामांना लिहिता येत नाही, पत्र तिथल्या कोणा मास्तरांच्या हातचे. अक्षर सुरेख. “तुझ्या मातोश्रींनी तुझ्यासाठी माळ मागितली होती, हे मी शपथेवर सांगतो.”

स्पष्ट ‘ळ’. त्यावर बोट फिरवले. मग वाटले, मामा बोलले असतील “माय”. ‘ळ’ मास्तरांचा. त्यांच्याही भिंतीवर असा एखादा कागद असेल. मामांनी शपथ घेतली असेल तीही कोणत्या शब्दाची, हे मला पत्रावरून कळणार नाही.

सात वर्षे दोन्ही घरे एकच वाक्य बोलत होती आणि त्यावरूनच भांडत होती.

८ डिसेंबर
मावशी खामगावला आली. न सांगता, डबा घेऊन. सरांना वाकून नमस्कार केला, पाटीकडे पाहिले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाबानं सांगतलं. मले आयकाचं हाय.”

तिच्या कानाला हेडफोन लावला. डोक्यावरचा पदर सावरताना माळ खुळखुळली. पहिल्यांदा तिने नुसते ऐकले. मग, “पुन्हा लाव.” मग आणखी एकदा.

“औषध तं मस्त सांगते,” ती म्हणाली. “तिलेच काऊन नाही लागलं बापा.”

मी विचारले, “काय ऐकू आले?”
“माय.”
“कोणती?”
“आता कोनती म्हनू? आमच्या इकडं गयात घालाची बी माय, अन् जनम देनारी बी मायच. ते तुह्या पुस्तकात येगयं असन.” चकतीकडे पाहत म्हणाली, “तिले किती दम लागत असन नाही? बोलता बोलता कोंडून जाते. पानी बी नाही देलं कोनं.”

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. बारा-पंधरा वेळा ऐकून मी अक्षर शोधत होते. तिला पाणी दिल्याचा आवाज फितीत कुठेच नाही.

जाताना मावशी दारात थांबली. “मी आली त्या दिवशी तुह्या बाबानं घातली हे. मी नाही मांगतली. पन काढली बी नाही.” डबा उघडला, तर त्यात पुरणाची पोळी. सण नव्हता.

११ डिसेंबर
तीन कागद केले. एकात ‘आई’, एकात ‘माळ’, एकात जसे आहे तसे ‘माय’. नियम पहिला लावला तर पहिला खरा, दुसरा लावला तर दुसरा. नियम कोणता लावायचा, हे आधी शब्द कळल्याशिवाय ठरत नाही; आणि शब्द नियमाशिवाय कळत नाही. शाळेत असे कोडे आले असते तर मला आवडले असते.

फीत रोज थोडी पातळ होते आहे. आवाजातला धारदारपणा गेला. मीच झिजवते आहे तिला.

१४ डिसेंबर
यंत्र बांधले. त्याआधी शेवटचे एकदा. ते वाक्य आले तेव्हा कात्री हाताशी होती. एक वीत फीत पुरली असती, आणि ती कमी झाल्याचे कोणाला कळलेही नसते. कापली नाही. कापून ती कशावर ऐकणार होते? डबीवर ‘कोरडा खोकला’च्या खाली तिचे नाव लिहिले. ते पुसणाऱ्याने निदान वाचावे.

सुतळीची गाठ सरांनी मारली. म्हणाले, “गेल्या सगळ्या बोलून.”

१५ डिसेंबर
यंत्र गेले. खोलीत टंकयंत्र एकटेच.

सरांना तिसरा कागद दिला होता, ‘माय’वाला. सगळ्या हस्तलिखितात न सुधारलेला तेवढा एकच शब्द. सरांना कान नाहीत, पण डोळे आहेत. संध्याकाळी तांबड्या पेन्सिलीचे वर्तुळ घालून कागद माझ्यापुढे ठेवला. पाटीवर लिहिले: “इथे कोणता नियम? आई की माळ?”

मी लिहिले: “उद्या सांगते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटते, काहीतरी समजले त्यांना. किंवा मला तसे वाटावेसे वाटले. पाटी पुसली.

१६ डिसेंबर
सकाळी सातची एस.टी. घ्यायची आहे. सरांना उत्तर द्यायचे आहे. ठरलेले नाही.

चुलीजवळ मावशी पाठमोरी बसली होती. मी दप्तर घेऊन दारात उभी राहिले आणि तिला हाक मारली. एकच शब्द. सात वर्षांत मी तो शब्द तिच्यासाठी उच्चारला नव्हता, आणि सहावीपासून माळेसाठीही नाही. जीभ न वळवता म्हटला, फितीतल्यासारखा.

“माय.”

तिने वळून पाहिले. पिठाचा हात हळूहळू गळ्याशी गेला आणि मण्यांवर थांबला.

एस.टी.चा भोंगा वाजला. मी अजून दारातच आहे, हे उभ्यानेच लिहिते आहे. ती माळ काढून देणार आहे, की नुसती हात लावून बसली आहे, हे मला इथून कळत नाही. मला कोणती म्हणायची होती, तेही.